रजियाच्या बाटल्या, सोनाबाईचं तळं

पुण्याला लेकाकडं गेले होते, तिथंच फोन आला. सकाळची वेळ, मी नातीच्या डब्याच्या पोळ्या लाटत होते. फोनवर आमच्या गल्लीतला मुनीर. शिलाईचं दुकान आहे त्याचं, एरवी कधी फोन करत नाही. म्हणाला, "खाला, आपा नै रहे." मी म्हटलं, कोण आपा? आता बघा, आमच्या गल्लीत आपा म्हणावं अशी एकच होती, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं होतं... तरी तोंडानं विचारलंच. मिळेल ती बस धरली. पण त्यांच्यात उशीर करत नाहीत. मी अर्ध्या वाटेत असेन तोवर माती देऊन लोक घरी परतलेही होते. संध्याकाळी रिक्षातून उतरले तर तिच्या दाराला कुलूप, आणि गल्ली रोजच्यासारखीच चाललेली. उभ्या आयुष्याची शेजारीण, आणि शेवटी तिचं तोंड काही मला बघायला मिळालं नाही. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना. दुकानातून मुनीर उठून आला, त्यानंच माझ्या घराचं दार उघडून दिलं.

पुढं काही दिवसांनी तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. मला बोलावलं होतं, मी मागच्या रांगेत बसले. चांगली माणसं चांगलं बोलली. एक मोठे प्राध्यापक म्हणाले, "मॅडम इतक्या विनम्र होत्या की तरुणपणी प्रयोगात झालेली एक किरकोळ चूकही त्या जन्मभर सांगत राहिल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. किरकोळ! मी हात वर केला, पण सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला वाटलं आजीला पाणी पाहिजे, तिनं पाण्याची बाटली पाठवली. मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले आणि सभा संपली. ती चूक किरकोळ नव्हती, आणि किरकोळ म्हटलेलं रजियाला कधी चाललं नाही. तिला आयुष्यात एकच पाहिजे होतं, की ती चूक चारचौघांत सांगितली जावी, आणि ज्या बाईला ती भोवली तिच्या नावासकट लोकांनी ऐकावी. ते राहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

रजिया म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या रजिया मॅडम. आमची घरं बैठी, एकाला एक लागून, मागचं परसू दोघींत एकच. मी लग्न होऊन अजिंठ्याकडच्या खेड्यातून आलेली, शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. ती तेव्हा कॉलेजात नुकती शिकवायला लागली होती. घरात ती आणि तिचे अब्बा, दोघंच. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा रजिया मांडीवरची होती. त्यानंतर तिचे चुलते एकेक करून हैदराबादला गेले, एकजण तर तिथूनही पुढं गेला. अब्बा हलले नाहीत. कचेरीत कारकून होते, जन्मभर उर्दूत लिहिलेला माणूस उतारवयात मराठी गिरवायला बसला, पण शहर सोडलं नाही. रजिया मला सांगायची, "ईदकू पुरे घर में दस्तरखान बिछता था बोलते शांते, मेरी याद में तो हम दोनोंच." दस्तरखान म्हणजे जेवायला जमिनीवर अंथरतात ते कापड. अर्धं मराठी, अर्धं तिचं, असं ती माझ्याशी बोलायची. पुढं अब्बाही गेले. तिचं लग्न का झालं नाही हे लोक तिला न विचारता मला विचारायचे. मी सांगायची, तिलाच विचारा, ती दोन वाक्यांत वाटेला लावील.

कॉलेजला सुट्टी लागली की तिची प्रयोगशाळा घरी यायची. पुढच्या खोलीत एक फळी, फळीवर ट्यूबलाइट, आणि उजेडात ओळीनं मांडलेल्या काचेच्या निमुळत्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे. आत शेवाळ. आता हे काय असायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तळ्याचं, पाणथळीचं पाणी कधीकधी हिरवंगार होतं, वास मारतं, जनावर तोंड लावत नाही. का? तर पाण्यात शेवाळाचं खाणं जास्त झालेलं असतं. नत्र आणि स्फुरद. शेतकऱ्याला हे शब्द खताच्या पोत्यावरून पाठ असतात, तेच हे. पाण्यात ते किती आहे हे तपासता येतं, पण रजिया म्हणायची, असेल कितीही, त्यातलं शेवाळाच्या पोटात किती जातं ते शेवाळालाच विचारावं लागतं. म्हणून ती ठिकठिकाणचं पाणी आणायची, बारीक गाळून त्यातलं मूळचं शेवाळ काढून टाकायची, आणि प्रत्येक बाटलीत आपल्याजवळचं एकाच जातीचं शेवाळ सोडायची. सगळ्यांना शेवाळाचं बी सारखं, उजेड सारखा, ऊब सारखी. फरक राहिला तो फक्त पाण्याचा. जी बाटली जास्त हिरवी, त्या पाण्यात खाणं जास्त. शिवाय जोडीला आणखी बाटल्या लावायची, त्यात वरून खायला घालायची. कशात नत्र, कशात स्फुरद, कशात दोन्ही. कशानं शेवाळ उसळी मारतं त्यावरून त्या पाण्यात कमी कशाची होती ते समजायचं.

या बाटल्या सकाळ-संध्याकाळ हलवाव्या लागतात, नाहीतर शेवाळ तळाशी बसतं. ते काम माझं. मनगटातून गोल फिरवायचं, बोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून यायचे आणि परसातून हाळी द्यायचे, "रजियाबाई, मुरलं का लोणचं?" ती आतून म्हणायची, "मुरे तो पहले तुमकूच चखाती भाईसाब!" असे दिवस होते. दिवाळीत माझ्या चकल्या तिच्या ओट्यावर आणि तिच्या बाटल्या माझ्या हातात. तिच्या घरात त्या फळीपाशी जेवढी हालचाल होती तेवढीच, बाकी घर गप्प असायचं. पुष्कळदा मी बाटल्या हलवून झाल्या तरी उगाच बसून राहायची, आणि तीही मला जा म्हणायची नाही.

लासूर स्टेशनच्या अलीकडं, रस्ता सोडून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, आज तिथं राहणाऱ्यांचा यात काही दोष नाही. गावाला जुनं तळं, काठानं पाणकणीस माजलेलं, थंडीत बदकं उतरायची. तळ्याच्या एका अंगाला सोनाबाई आणि तिचा नवरा शिंगाडा लावायचे. भोई माणसं, ग्रामपंचायतीकडून दरसाल तळ्याचा ठेका घ्यायचे. त्या वर्षी तळं हिरवं झालं, वास सुटला. गाव म्हणालं, हे शिंगाडेवाले शेणखत टाकतात, त्यांनीच नासवलं. सरपंच कॉलेजात आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथं एक बाई पाणी तपासतात. त्याला निकाल हवा होता दिवाळी संपायच्या आत, कारण ठेका त्यानंतर ठरायचा होता.

मी पण गेले तिच्याबरोबर, मला काय, माहेरच्यासारखं रान बघायला मिळणार होतं. सोनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, उंच, काळीसावळी, डोक्याला फडकं. रजिया वाकून कॅन भरायला लागली तशी ती म्हणाली, "बाई, न्या पानी, पन काम झालं की परत आनून वता. आमचं तळं आटायचं!" रजिया इतकी हसली की कॅन हातातून सुटला. सोनाबाईनं दोन शिंगाडे दातानं सोलून आमच्या हातावर ठेवले. कच्चे, दुधाळ, गार. तळ्याच्या मधलं पाणी घेतलं, पाणकणसातलं घेतलं, शिंगाड्याच्या अंगाचं घेतलं. राहिलं ते ओढ्याचं. वरच्या मोसंबीच्या बागांतून एक ओढा तळ्यात उतरायचा. तिकडं चिखल फार होता. सरपंच म्हणाला, तुम्ही कशाला चिखलात जाता, माझ्या आईनं कालच ओढ्याचं पाणी भरून ठेवलंय, तुमचा कॅन द्या, भरून आणवतो. रजियानं कॅन दिला, तो भरून आला. इतकंच झालं.

कॉलेजच्या बाटल्या सुट्टीत कुलपात. घरी होत्या त्या चार पाण्यांनाच पुरल्या. रजिया म्हणाली, खायला घालायच्या बाटल्या कॉलेज उघडल्यावर लावू. आठवड्याभरात शिंगाड्याच्या अंगाची बाटली मेंदीसारखी हिरवी झाली. मधली आणि पाणकणसातली थोडी थोडी. आणि ओढ्याची बाटली जशीच्या तशी, नितळ. सरपंचाचा निरोपावर निरोप. रजिया त्या चार बाटल्या टोपलीत पेंढ्यावर बसवून गावात घेऊन गेली, मी टोपली मांडीवर धरून बैलगाडीत. चावडीपुढं माणसं जमली. तिनं बाटल्या मांडल्या, समजावून सांगितलं. सरपंच म्हणाला, "बघा, बाटलीच बोलायली." सोनाबाईचा नवरा मागं उभा होता, तो कसाबसा म्हणाला, "बाई, शेनखत तर माझा बाप बी टाकायचा. तवा कसं नाय नासलं?" आणि रजियानं त्याला उत्तर दिलं, "बाबा, मी माझ्या मनाचं सांगत नाही. जे दिसतंय ते दिसतंय." शिकलेल्या माणसाचा आवाज होता तो, मलाही तेव्हा अभिमानच वाटला. या एका वाक्याला रजिया पुढं जन्मभर शिव्या देत राहिली.

कॉलेज उघडलं, बाटल्या मिळाल्या. ओढ्याचं पाणी शिल्लक होतं. तिनं त्यात बी सोडलं, वरून नत्र घातलं, स्फुरद घातलं. एरवी असं खायला घातलं की दोन-तीन दिवसांत बाटली हिरवी व्हायची. मी हलवत होते. काहीच नाही. एका संध्याकाळी ती परसातून माझ्या चुलीपाशी आली, बाटली तशीच हातात. "शांते, ये खाने कू दिए तो भी खा नै रा." मी म्हटलं, भूक नसंल. ती म्हणाली, "नै गे. भूक नै सो अलग दिखता. इसका तो कोई गला दबा रा." माझ्या भाकरीचा करपलेला वास घरभर झाला, आम्ही दोघी त्या बाटलीकडं बघत बसलेल्या. ओढ्याच्या पाण्यात खाणं नाही म्हणून शेवाळ वाढलं नाही, असं ती गावात सांगून आली होती. पण या पाण्यात तर शेवाळ मरत होतं. म्हणजे बाटली नितळ राहिली ती पाणी चांगलं म्हणून नव्हे.

पुढच्या रविवारी आम्ही सरपंचाच्या घरी. त्याची म्हातारी आई दारात आली, "या माय, या," म्हणून हाताला धरून आत घेऊन गेली. रजियानं हळूच विचारलं, आजी, तुम्ही पाणी भरून ठेवलं होतं ते कशात? म्हातारीचा चेहरा फुलला. देवघराच्या कोपऱ्यातून तिनं तांब्याची घागर पुढं आणली, अशी लखलखीत की आमची तोंडं दिसावीत. "कशात म्हंजे? आवो, तुमी कालेजातल्या बाई, तुमाला कळकटल्या भांड्यातलं देऊ व्हय? चिंच लावून लावून घासली हुती. रातभर तांब्यात ऱ्हायलं की पानी कसं आमृत व्हतं. ही घागर मी घरच्या सुनंला बी शिवू देत नाय." म्हातारीला मान द्यायचा होता. परक्या जातीची बाई म्हणून मागं ठेवायच्याऐवजी तिनं घरातलं सगळ्यात चांगलं भांडं काढलं होतं. रजियानं घागरीवरून हात फिरवला, म्हणाली, "बहुत अच्छी रखे अम्मा." चहा घेतला. गावाबाहेर आल्यावर मात्र ती रस्त्याकडंच्या दगडावर बसली ती उठेचना. विहिरीत शेवाळ झालं की मोरचूद टाकतात, तो तांब्याचाच. तांबं उतरलेल्या पाण्यात शेवाळ जगत नाही, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची. "मैंने पूछीच नै शांते," एवढंच म्हणाली. "किस में रखे, मैंने पूछीच नै."

मग ती स्वतः चिखलात उतरली आणि ओढ्याच्या तोंडाचं पाणी आपल्या हातानं भरलं. चारही ठिकाणचं पाणी नव्यानं आणलं, सगळं पहिल्यापासून लावलं, खायला घालायच्या बाटल्यांसकट. या खेपेला ओढ्याची बाटली सगळ्यात हिरवी झाली, इतकी की तिच्याशेजारी शिंगाड्याच्या अंगाची फिकट दिसावी. वरच्या मोसंबीच्या बागांना पोत्यांनी खत पडत होतं, ते पावसानं धुऊन तळ्यात येत होतं. सगळ्यात मोठी बाग सरपंचाची.

पुन्हा टोपली, पुन्हा बैलगाडी, पुन्हा चावडी. रजिया उभी राहून म्हणाली, मी मागच्या वेळी चूक सांगितलं, ओढ्याच्या पाण्यात घागरीचं तांबं उतरलं होतं, शिंगाडेवाल्यांनी पाणी नासवलेलं नाही. सरपंच हसला. "बाई, मागल्या खेपेला बाटली खरी आन् ह्या खेपेला घागर खोटी व्हय? फुडच्या खेपेला काय, कॅन खोटा?" माणसं खदाखदा हसली. ठेका दुसऱ्याला देऊन झाला होता, कागद झाले होते. आम्ही तळ्यावर गेलो. सोनाबाईच्या झोपडीच्या जागी चुलीचे तीन दगड, बाकी काही नाही. कुठं गेले, कुणी सांगेना. गाडीवान म्हणाला, "पोट घिऊन गेले, अजून कुटं जायचं." परतीच्या वाटेत रजिया मागं तळ्याकडं तोंड करून बसली. टोपलीतल्या बाटल्या खडखडत होत्या, त्या धरायचंही तिच्या मनात राहिलं नाही, मीच धरल्या.

त्यानंतर थंडी सुरू झाली की तिचं एक ठरलेलं. शहागंजच्या बाजारात शिंगाड्याच्या हातगाड्या लागल्या की एकेका गाडीपाशी उभी राहायची. घ्यायचे नाहीत, नुसतं विचारायचं, कुठल्या तळ्यातले, कोण लावतं, सोनाबाई नावाची बाई माहीत आहे का. गाडीवाले चिडायचे. एक तर म्हणाला, "आपा, सिंगाडा लेना है कि मुकदमा चलाना है?" अशी किती वर्षं गेली. माझी पोरं मोठी झाली, आमचे हे गेले, तिचे केस पांढरे झाले. मी तिला म्हणायची, सोड आता, इतकी माणसं इतकं करून सुखानं झोपतात. ती म्हणायची, "वो सोते होंगे." शेवटी एका गाडीवाल्यानंच सांगितलं, ती बाई खुलताबादला आहे, गावाच्या दरवाज्यापाशी सीताफळं घेऊन बसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुलताबादला. पाटी पुढं घेऊन ती बसलेली, वाकलेली, पण मी ओळखलं. तिनं आम्हाला नाही ओळखलं. रजिया तिच्यापुढं मातीतच बसली, तळ्याचं नाव काढलं. सोनाबाई म्हणाली, "व्हय, तितंच ऱ्हायचो आमी. मंग नासलं ते आमच्या हातानं. शेनखत टाकायचो ना आमी. आमाला बी वाटायचं, तसं नसंल. पन कालेजातल्या कुन्या बाईनं बाटल्यांत घालून दावलं म्हनं, आमच्याच बाटलीत शेवाळ आलं. मंग काय बोलनार? म्हातारा त्याच्या मागनं पान्यात उतरलाच नाय. म्हनायचा, आपला हात वंगाळ हाय." आणि अगदी सहज, सीताफळ दाबून बघत बघत, म्हणाली, "भावकीत आजून म्हनत्यात, तळं नासवनाऱ्याचं घर. पोरीच्या सोयरिकीत बी निघालं ते."

रजिया म्हणाली, "ती बाई मीच." मग तिनं सगळं सांगितलं. घागर, तांबं, ओढा, मोसंबीच्या बागा. मराठी तिच्या तोंडात त्या दिवशी अडखळत होती, मधे मधे मी सांगत होते. सोनाबाई ऐकत होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, रडेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. रजियाला यातलं काहीही चाललं असतं. सोनाबाईनं हातातलं सीताफळ पाटीत ठेवलं आणि म्हणाली, "मंग आता मी काय करू, बाई? म्हातारा तर तेच मनात घिऊन गेला." रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आमच्यावर धूळ उडत होती... पाटीवरची धूळ पुसत तीच म्हणाली, "सांगायचं तर चारचौघांत सांगा. मला एकलीला सांगून काय व्हतंय?" रजियानं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, सांगते.

आणि तिनं सांगितलं, हो. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायची. पोरं लिहून घ्यायची, पाणी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातच आणावं. त्या गावात पुन्हा गेली. नवीन सरपंच तरुण होता, त्यानं नारळ देऊन सत्कारच केला आणि कार्यक्रम वेळेत संपवला. निवृत्तीच्या समारंभात ती बोलायला उभी राहिली तेव्हा स्वतःच्या नोकरीबद्दल काही न बोलता हीच गोष्ट सांगितली, सोनाबाईच्या नावासकट. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, म्हणाले. ती घरी आली, हार काढून माझ्या ओट्यावर टाकला, म्हणाली, "मैं गुनाह बताई, इनों ताली बजाए." लोक चूक ऐकायचे, सोनाबाई ऐकायचे नाहीत. आपली चूक मोठ्यानं सांगायला निघालेल्या माणसाला एवढं एकटं पडलेलं मी दुसरं पाहिलं नाही. चुकीबद्दल बोलायला तिला सगळं गाव होतं, आणि तरी तिच्याजवळ बसायला शेवटी मीच.

सोनाबाई आता आहे की नाही, मला ठाऊक नाही. मागं आम्ही खुलताबादला गेलो तेव्हा तिच्या जागी मोबाइलच्या कव्हरांची गाडी होती. तिची पोरंबाळं, भावकी कुठं कुठं असतील. त्यातलं कुणी शाळा शिकलं असेल, जिथं हे पाठवतेय ती पेपरची रविवारची पुरवणी वाचत असेल, तर त्यांच्यासाठी लिहिते. ते तळं सोनाबाईनं नासवलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं नासवलं नव्हतं. त्याचा हात वंगाळ नव्हता. ज्या बाईनं तसं सांगितलं तिच्या पाण्यात तांबं उतरलं होतं, आणि हे तिला कळलं त्या आठवड्यापासून ते मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली.

हे मी तिच्या खोलीत बसून लिहितेय. तिच्या हैदराबादच्या चुलतभावाच्या मुलानं घर विकेपर्यंत किल्ली माझ्याकडं दिली आहे. दुपारी येते, खिडकी उघडते, तिच्या टेबलाशी बसते. मी काहीही लिहिलं की पहिल्यांदा तिला वाचून दाखवायची. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा, ऐकलेलं मात्र एक अक्षर सुटायचं नाही. पाय वर घेऊन पलंगावर बसायची, डोळे मिटून घ्यायची, आणि मी कुठं जरा रंगवून लिहिलं असेल तिथं नेमकी अडवायची, "ये तू खुद देखी क्या, कि सुनी?" सुनी म्हटलं की खोडायला लावायची. आज लिहून झाल्यावर मी पलंगाकडं तोंड करून सगळं मोठ्यानं वाचलं. खिडकीतून मुनीरच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. तळं सोनाबाईनं नासवलं नव्हतं, या वाक्यापाशी आले आणि थांबले. कुणी काही विचारलं नाही. मग मीच सांगितलं, व्हय रजिया, मी पाहिलंय. मी तिथं होते.